नंबर खरा निघाला, मग नाणं खोटं कसं?

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की सोन्याची पत्रं वाढतात हे नेहमीचंच, पण यावेळी बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती आहेत: सीलबंद प्लास्टिकच्या डबीतलं सोन्याचं नाणं. ज्यांनी अशी डबी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी अशा दोन मोठ्या कंपन्या आहेत, पहिली १९८६ ची, दुसरी १९८७ ची. त्या नाणं तपासतात, १ ते ७० मध्ये त्याला दर्जा देतात, आणि लेबल, नंबर, होलोग्राम लावून कडक पारदर्शक डबीत सील करतात. संग्राहक तिला स्लॅब म्हणतात. त्यांचं काम चांगलं आहे, जगभर मानलं जातं, आणि म्हणूनच त्यांच्या डबीची नक्कल होते. आता पत्रं.

राम राम आप्पा. मित्राच्या ओळखीतला एक माणूस आहे बाहेरगावचा, त्याच्याकडे १९१८ च्या मुंबई टांकसाळीच्या दोन गिन्या (ब्रिटिश सॉव्हरिन ही सोन्याची नाणी) आहेत, दोन्ही पीसीजीएसच्या डबीत, लेबलवर एमएस ६५, म्हणजे न वापरलेलं नाणं, ७० पैकी ६५ दर्जाचं. म्हणतो पैशाची नड आहे, फक्त सोन्याच्या भावात देतो. मी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वर्ष, नाणं, दर्जा सगळं बरोबर आलं. दोन सराफांना फोटो दाखवले, एक म्हणाला घेऊन टाक, दुसरा म्हणाला डबीतलं आम्हाला कळत नाही. आखाजीच्या आधी पैसे द्यायचेत. घेऊ का? (एक वाचक, अमळनेर)

भाऊ, आधी थांबा. पैसे देऊ नका, आणि टोकन म्हणून पाच हजारसुद्धा देऊ नका. दुसऱ्या सराफाने तुम्हाला जे सांगितलं ते प्रामाणिक उत्तर आहे, त्याच्यावर विश्वास ठेवा.

नंबर जुळला म्हणून तुम्ही निश्चिंत झालात, आणि नेमकं तिथेच माणूस फसतो. साइटवर नंबर टाकल्यावर काय कळतं? एवढंच की त्या नंबरची एक गिनी कंपनीने कधीतरी तपासली होती. ती गिनी तुमच्या समोरच्या डबीत आहे हे त्यातून कुठे कळलं? खऱ्या गिनीचा फोटो लिलावाच्या कॅटलॉगमध्ये असतो, इंटरनेटवर असतो, नंबर त्यात स्पष्ट दिसतो, तो उचलायचा आणि खोट्या लेबलवर छापायचा, झालं काम. चोरीच्या गाडीला दुसऱ्याच गाडीची नंबरप्लेट लावली तर आरटीओच्या साइटवर नंबर खराच दिसणार ना, तसंच हे. २००८ च्या सुमारास या दोन्ही कंपन्यांनी स्वतःच इशारे दिले होते की आमच्या डब्यांच्या नकला चीनमधून येतायत, आणि तेव्हापासून त्या नकला सुधारतच गेल्यात.

म्हणून नंबर टाकून थांबायचं नाही, फोटो उघडायचा. एनजीसी बऱ्याच वर्षांपासून तपासलेल्या नाण्यांचे फोटो साइटवर ठेवते, पीसीजीएसच्याही पुष्कळ नाण्यांचे असतात. फोटो आणि नाणं शेजारी ठेवून काय जुळवायचं, तर वर्ष आणि राजाचं डोकं नाही, ते सगळ्याच गिन्यांवर सारखं असतं. जुळवायचे ते बारीक डाग, ओरखडे, टोल (आपटून पडलेले खळगे). सोन्याची नाणी टांकसाळीतून थैल्यांत भरून निघायची, एकमेकांवर आपटायची, त्यामुळे एमएस ६५ सारख्या चांगल्या नाण्यावरही दोन-चार बारीक टोल असतातच, आणि कोणत्याही दोन नाण्यांवर ते एकाच जागी नसतात. पंचम जॉर्जच्या गालावर, त्याच्या मानेसमोरच्या मोकळ्या जागेत, दुसऱ्या बाजूला घोड्याच्या छातीजवळ, सेंट जॉर्जच्या मांडीवर, इथे भिंग लावून बघा. फोटोत गालावर तिरकी रेघ आहे आणि तुमच्या नाण्यावर नाही, तर विषय संपला, डबी कितीही चकचकीत असू द्या. टोल वाढू शकत नाहीत आणि कमीही होऊ शकत नाहीत, कारण नाणं सील झालं त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावलेला नसतो.

आता उलटी खूण सांगतो, ही फार उपयोगाची आहे. तुमच्याकडे दोन गिन्या येणार आहेत, त्या दोन्ही एकमेकींशी ताडून बघा. दोघींवर एकाच जागी एकसारखा खळगा किंवा ओरखडा दिसला तर दोन्ही खोट्या समजा. खोटं नाणं पाडणारा खऱ्या नाण्यावरून ठसा बनवतो, त्या खऱ्या नाण्यावरचा टोल ठशात उतरतो, आणि मग त्या ठशातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तो टोल त्याच जागी येतो. आणि दोन्ही डब्यांवर नंबर एकच असेल तर पुढे काही बघायचीच गरज नाही.

तिसरी गोष्ट, क्यूआर कोड. हल्ली लेबलवर कोड असतो, विकणारा म्हणतो स्कॅन करा की मोबाइलने. तो कोड कुठे नेतो ते बघा. खोट्या लेबलवरचा कोड खोट्या साइटवर नेऊ शकतो, रंग तोच, लोगो तोच, आणि तिथे तुमचं नाणं फोटोसकट दिसतं. म्हणून कंपनीचा पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करा, नाहीतर कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप वापरा. पीसीजीएसने २०२० पासून डबीत चिप घालायला सुरुवात केली, फोन टेकवला की माहिती उघडते. पण जुन्या डब्यांत चिप नसतेच, म्हणून चिप नाही म्हणजे खोटं असं धरू नका, आणि चिप आहे म्हणून खरं असंही धरू नका, इथेही उघडणारा पत्ता वाचायचाच.

डबीबद्दल. खऱ्या डबीचे दोन भाग आवाजाच्या कंपनांनी वितळवून जोडलेले असतात, कडेने बघितलं तर सांधा सगळीकडे सारखा. गोंदाचे ओघळ, कडेला पांढरट झालेलं प्लास्टिक, कोपऱ्यात बारीक तडा, हे दिसलं तर एकतर डबी नकली आहे, किंवा खरी डबी उघडून आतलं नाणं बदललंय. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण लेबल खरं, नंबर खरा, होलोग्राम खरा, फक्त नाणं परकं. लेबलची छपाई भिंगातून बघा, खऱ्यावर अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, नकलेत बऱ्याचदा शाई फुटल्यासारखी दिसते किंवा दोन अक्षरांमधलं अंतर वरखाली होतं. डबी हळूच हलवून बघा, नाणं आत खुळखुळलं तर मला ते आवडणार नाही. पण खरं सांगू का, डबीवर फार वेळ घालवू नका. चांगली नकल आणि खरी डबी यातला फरक समजायला हातात शेकडो खऱ्या डब्या येऊन गेलेल्या असाव्या लागतात. तो वेळ नाण्यावर घाला.

तर नाणं बघू. पहिलं महायुद्ध चालू होतं, इंग्लंडहून सोन्याची नाणी आणणं अवघड झालं, म्हणून १९१८ मध्ये मुंबईत रॉयल मिंटची शाखा काढून तिथे गिन्या पाडल्या, फक्त त्या एकाच वर्षी, जवळपास १३ लाख. त्यांची ओळख म्हणजे सेंट जॉर्जच्या बाजूला, घोडा आणि ड्रॅगन ज्या जमिनीच्या रेषेवर आहेत त्या रेषेवर मधोमध, १९१८ या आकड्याच्या बरोबर वर, एक छोटा इंग्रजी आय. तो आय स्वच्छ उभा असतो. नकलेत तो फुगीर असतो, तिरका असतो, किंवा नंतर चिकटवल्यासारखा भोवती खड्डा दिसतो. त्याच बाजूला खाली उजवीकडे बी.पी. ही बारीक अक्षरं, ती बेनेडेट्टो पिस्त्रुची यांची, १८१७ मध्ये हे चित्र त्यांनी केलं. ही दोन अक्षरं कितीतरी नकलांमध्ये नुसता ठिपका होऊन बसतात. मोकळ्या जागेत बारीक फोड किंवा पुरळ दिसलं तर नाणं ओतीव आहे, कारण टांकसाळीचं नाणं दाबाखाली छापलेलं असतं, त्याचा पृष्ठभाग असा नसतो. आणि लेबलवर वर्ष १९१८ आय लिहिलंय आणि नाण्यावर आय नाहीच, असाही गडबडगुंडा नकली डब्यांमध्ये सापडतो, तेव्हा लेबल आणि नाणं हे अक्षर अन् अक्षर जुळवा.

आणि शेवटी भाव. गिनीचं वजन ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. मुंबईची गिनी एकाच वर्षाची, संग्राहक साध्या झिजलेल्या नाण्यालासुद्धा सोन्याच्या वर पैसे देतात, आणि एमएस ६५ तर फार वरचा दर्जा. ज्याच्याकडे खरं एमएस ६५ आहे त्याला नड असली तरी तो मुंबईच्या लिलावात देईल, वितळवायच्या भावात कशाला देईल? मला या व्यवहारात पाणी मुरताना दिसतंय, स्पष्टच सांगतो. तरीही मन ऐकत नसेल तर त्या माणसाला म्हणा, नाणी घेऊन जळगावला या, सराफ बाजारात माझ्या ओळखीच्या दुकानात समोर बसून बघू, पैसे तिथेच बँकेतून देतो. खरा असेल तर येईल. नाही आला तर उत्तर मिळालं.

सासूबाईंच्या गिन्यांच्या पोतीतल्या गिन्या सराफाला दाखवल्या. कॅरेट मीटरवर सोनं बरोबर आलं ९१.६ च्या आसपास, पण तो म्हणतो यातल्या काही गिन्या नकली आहेत. सोनं खरं आणि गिनी नकली हे कसं शक्य आहे? मला तर वाटलं तो भाव पाडायला बोलतोय. आणि भाचा म्हणतो अमेरिकेला पाठवून डबीत सील करून आण, किंमत वाढेल. करावं का? (शिक्षिका, चोपडा)

ताई, सराफ खोटं बोलत असेलच असं नाही, हे अगदी शक्य आहे. गिनी जगभर चालायची, लोकांचा तिच्यावर लगडीपेक्षा जास्त विश्वास, त्यामुळे गिनीला सोन्याच्या वर थोडा भाव मिळायचा. तेवढ्या फरकासाठी १९५० आणि ६० च्या दशकात बैरूतकडे आणि इटलीतही खऱ्या सोन्याच्या नकली गिन्या मोठ्या प्रमाणावर पडल्या, आणि त्या जगभर पसरल्या. आपल्याकडे पोतीसाठी, हारासाठी सोनारांनीही गिनीसारखे ठसे मारून घेतले, त्यात कुणाला फसवायचा हेतू असेलच असं नाही, दागिन्याला गिनीचं रूप हवं होतं. अशा गिन्यांवर कॅरेट मीटर, कस, पाण्याचं वजन, सगळं पास होतं. खोटेपणा सापडतो तो चित्रात: घोड्याच्या पायांचे स्नायू गुळगुळीत, ड्रॅगनच्या पंखाच्या रेघा बुजलेल्या, कडेच्या रेघा कुठे दाट कुठे विरळ.

तुम्हाला नुकसान किती? विकताना ती सोनं म्हणून विकली जाईल, वजन आणि टंच याप्रमाणे, आणि पोत मोडायची असेल तर तशीही सोन्याच्याच भावाने जाते. पण सराफाने नकली म्हणून घट जास्त धरली तर मान्य करू नका, मीटरवर ९१.६ आलंय तर त्या हिशोबानेच पैसे मागा आणि दुसऱ्या दुकानातही विचारा.

घरी एक गोष्ट करून बघता येते, गिनी सुटी असेल तर. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. गिनी कोरडी तोला, ७.९९ च्या आसपास यायला हवी, झिजली असेल तर थोडी कमी. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्य करा, गिनी बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी गिनीने सारलं. खऱ्या गिनीला ०.४५ च्या आसपास येतं. ७.९९ ला ०.४५ ने भागलं की साडेसतरा-पावणेअठरा, ती २२ कॅरेट सोन्याची घनता. पितळेची घनता साडेआठच्या आसपास, म्हणजे त्याच आकाराची पितळी गिनी चार ग्रॅमच्याही आत भरते, आणि वजन जुळवायचं तर ती जवळजवळ दुप्पट जाड करावी लागते. म्हणून वजन एकटं बघू नका, व्हर्नियरने व्यासही बघा, २२.०५ मिलिमीटर, आणि जाडी दीड मिलिमीटर. तिन्ही एकाच वेळी जुळवणं हलक्या धातूला जमत नाही. लोक टंगस्टनची भीती घालतात, त्याची घनता १९.२५ म्हणजे २४ कॅरेटच्या अगदी जवळ हे खरं, पण तो इतका कठीण आणि ठिसूळ की त्यावर नाण्याचं बारीक चित्र छापता येत नाही, सोन्याचं कवच घालावं लागतं, म्हणून तो जास्त करून मोठ्या लगडींमध्ये सापडतो. दोऱ्यात ओवलेल्या, कडी लावलेल्या गिनीवर मात्र हा हिशोब थोडा चुकतो, टाक्याचं सोनं वेगळ्या टंचाचं असतं.

ग्रॅडिंगला पाठवायचं म्हणता, तर नको. एक तर पोतीतल्या गिनीला कडी लावलेली असते, टाका मारलेला असतो, आणि अशा नाण्याला या कंपन्या आकड्याचा दर्जा देत नाहीत, खरं पण खराब झालेलं अशी नोंद करतात. (आणि म्हणूनच, वर अमळनेरकरांनी हेही लक्षात ठेवावं: नाण्याच्या कडेला टाक्याची खूण आहे आणि लेबलवर एमएस ६४ की ६५ लिहिलंय, हे एकत्र असूच शकत नाही.) दुसरं कारण कायद्याचं. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरातन वस्तू ठरतं, आणि ते देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, ते फक्त केंद्र सरकार किंवा त्यांनी नेमलेल्या संस्थेला करता येतं. १९१८ ची गिनी आता शंभरीच्या पुढे गेली. भाच्याला हे दाखवा. सासूबाईंची पोत आहे तशी जपा, सुंदर वस्तू आहे.

लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. म्हणजे खरं ना? (भुसावळ)

नाही. साध्या चुंबकाने लोखंड, निकेल असे मोजकेच धातू पकडले जातात. तांबं, पितळ, शिसं, चांदी, टंगस्टन, यातलं काहीच साध्या चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर नक्की खोटं, न चिकटलं तर काहीच कळलं नाही.

आप्पा, आमच्याकडे रावेरच्या पलीकडून एक जण येतो, म्हणतो असीरगडाच्या पायथ्याला शेत नांगरताना हंडा सापडला, अकबराच्या सोन्याच्या मोहरा आहेत, त्यातली एक त्याने अमेरिकेत पाठवून पास करून आणली, ती एनजीसीच्या डबीत आहे, ती मी पाहिली हातात घेऊन. एक सुटी मोहर सँपल म्हणून दिली, ती सराफाने तपासली, सोनं निघालं शंभर टक्के. आता म्हणतो सगळ्या एकदम घे, रोख, आणि कुणाला सांगू नको, पोलीस घेऊन जातील. केळीचे पैसे हातात आलेत म्हणून विचार करतोय. (शेतकरी, यावल तालुका)

दादा, हे पत्र वाचल्यावर आधी तुम्हालाच उत्तर लिहायला बसलो होतो. केळीचा पैसा कसा येतो हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. यातला एक रुपया त्याला देऊ नका.

सँपल खरंच असतं. ते खरं असावं यासाठीच त्याने पैसे घातलेले असतात, एक खरा तुकडा देऊन तो तुमच्याच सराफाच्या तोंडून हो म्हणवतो, आणि मग रोख रकमेच्या दिवशी अंधारात, घाईत, गाडीत जी पिशवी हातात पडते तिच्यात मुलामा दिलेलं पितळ असतं. सांगू नको, रोख आण, घाई कर, हे तिन्ही एकत्र आले की उठून यायचं.

आता तुम्हाला वस्तूच्या अंगाने सांगतो, कारण गोष्ट खरी वाटावी म्हणून त्याने असीरगड घेतलाय. अकबराने १६०१ मध्ये असीरगड खानदेशच्या फारुकी सुलतानांकडून घेतला, खानदेश मोगलांकडे गेला, आणि त्या विजयाची म्हणून असीरच्या नावाने एक मोहर पाडली, तिच्यावर बहिरी ससाण्याचं चित्र आहे. ती जगातल्या अतिदुर्मीळ मोगल नाण्यांपैकी आहे, हंडा भरून विकायला निघेल अशी वस्तू नव्हे. मोगल मोहरेचं वजन साधारण ११ ग्रॅमच्या आत-बाहेर, हाताने ठोकलेली, त्यामुळे ठसा कधी मध्यावर नसतो, कडा एकसारख्या गोल नसतात. पिशवीतल्या सगळ्या मोहरा एकाच मापाच्या, ठसा एकाच जागी सरकलेला, एकाच ठिकाणी तडा, असं असेल तर त्या एका साच्यातून निघाल्यात.

आणि डबीतली मोहर? जमिनीतून निघालेली शेकडो वर्षं जुनी मोहर कायदेशीर मार्गाने अमेरिकेत जाऊन परत येत नाही, वर चोपड्याच्या ताईंना तोच कायदा सांगितला. म्हणजे एकतर डबी खोटी, किंवा तो माणूस गुन्हा कबूल करतोय. जमिनीत सापडलेल्या धनाचा तर १८७८ चा वेगळा कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. समजा, उद्या ते सगळं खरं निघालं तरी ते तुमच्या घरात ठेवणं तुम्हालाच अडचणीत आणेल. शिवाय २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला बंदी आहे. सँपलची मोहर त्याला परत देताना एकटे जाऊ नका, घरातलं कुणी सोबत घ्या, आणि पोलीस ठाण्यात आधी कानावर घाला. दुसऱ्या कुणाची तरी शेती वाचेल.

१८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं, एका बाजूला हनुमान, सोन्याचं म्हणून कुणी विकतोय, चमत्कारी आहे, जवळ ठेवलेले तांदूळ ओढतं म्हणतो. (शहादा)

कंपनीने हनुमानाचं किंवा राम दरबाराचं नाणं कधी पाडलंच नाही. ही नंतर बनवलेली टोकनं आहेत, बहुतेक तांब्या-पितळेची. तांदूळ ओढण्याच्या नावावर आपल्या भागात घरं बुडाली आहेत, त्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

दिवाळीला दुकानातून कार्डात पॅक केलेलं १० ग्रॅमचं २४ कॅरेट नाणं घेतलं होतं. हल्ली कार्डंही नकली येतात ऐकलं. उघडून तपासू का? बीआयएस केअर अ‍ॅपवर त्याचा नंबर टाकला तर काहीच आलं नाही. (जळगाव)

अ‍ॅपवर नाही आला म्हणून घाबरू नका. त्या अ‍ॅपवर दागिन्यांवरचा सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्कचा नंबर, म्हणजे एचयूआयडी, बघतात, कार्डावरचा नंबर हा नाणं बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा असतो. बऱ्याच कार्डांवरचा नंबर नाण्यावरही कोरलेला असतो, दोन्ही जुळतात का बघा. तुम्ही दुकानातून, पक्क्या बिलावर, ३ टक्के जीएसटी भरून घेतलंय ना, मग उघडू नका, कार्ड फाटलं की परत घेताना दुकानदार कुरकुर करतो. शंका असेल तर बिल घेऊन त्याच दुकानात जा आणि समोर मीटरवर लावायला सांगा, उघडायचं असेल तर त्यांनी उघडावं. एक लक्षात असू द्या, कॅरेट मीटर वरचा अगदी पातळ थर वाचतं, जाड मुलामा त्याला फसवू शकतो, म्हणून मीटरसोबत वजन आणि जाडी बघायलाच हवी. कार्डातली नाणी ओळखीवर, बिलाशिवाय, थोड्या कमी भावात कुणी देत असेल तर ती घेऊ नका.

मी घेऊन बसलोय. एनजीसीच्या डबीतलं अमेरिकेचं २० डॉलरचं जुनं सोन्याचं नाणं, ऑनलाइन पैसे पाठवून घेतलं, आता साइटवरच्या फोटोशी जुळत नाही. डबी फोडून सराफाकडे नेऊ का? घरात अजून सांगितलेलं नाही. (धुळे)

घरात आज सांगा. पुढची धावपळ एकट्याने होत नाही, आणि यात तुमची लाज जावी असं काही नाही, भल्याभल्या संग्राहकांनाही अशी डबी हातात घेऊन ओळखता येत नाही.

डबी फोडू नका. ती फसवणुकीचा पुरावा आहे, फोडली की विकणारा म्हणेल आतलं तुम्हीच बदललं. आणि चुकून ती खरी निघाली तर फोडल्याबरोबर कंपनीची हमी संपते. पैसे पाठवून थोडेच दिवस झाले असतील तर हे वाचायचं सोडून आधी १९३० ला फोन करा, ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीची ती हेल्पलाइन आहे, लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. बँकेलाही लेखी कळवा. विकणाऱ्याशी झालेलं बोलणं, जाहिरातीचा फोटो, पैशाची पावती, पार्सलचं खोकं आणि त्यावरचं लेबल, काही टाकून देऊ नका. समोरच्याला शिवीगाळ करू नका, तो चॅट पुसून निघून जातो, आधी स्क्रीनशॉट काढा.

डबी न फोडताही थोडी तपासणी होते. मीटर प्लास्टिकमधून भरवशाचा आकडा देत नाही, पण धातूची विद्युतवाहकता मोजणारं एक यंत्र असतं, ते बंद डबीतूनही चालतं, मोठ्या शहरांतल्या काही सोन्याच्या व्यापाऱ्यांकडे मिळतं. २० डॉलरचं नाणं ९० टक्के सोन्याचं, यंत्रात तोच मिश्रधातू निवडायला सांगा. व्यास ३४ मिलिमीटर, तो डबीवरून पट्टी लावूनही अंदाजाने कळतो. यंत्र नाही म्हणालं तर तक्रारीला बळ मिळेल, मात्र यंत्र हो म्हणालं तर फक्त सोनं खरं ठरतं, नाणं नाही. या अमेरिकन नाण्यांची खऱ्या सोन्यातली नक्कल फार वरच्या दर्जाची झालेली आहे, १९०७ च्या एका नकलेवर तर बनवणाऱ्याने गरुडाच्या नखात ओमेगा हे ग्रीक अक्षर सोडलंय आणि तिने भले भले जाणकार चकवले. म्हणून फोटो जुळत नाही हाच तुमचा सगळ्यात पक्का पुरावा. साइटवरचा फोटो आणि तुमच्या नाण्याचा तसाच सरळ, सावली नसलेला फोटो एका कागदावर शेजारी छापा, जिथे फरक आहे तिथे पेनाने गोल करा, आणि तो कागद तक्रारीला जोडा. एनजीसीलाही नंबरसकट फोटो ईमेल करा, आपल्या डबीची नक्कल कुठे फिरतेय हे त्यांनाही हवंच असतं.

एवढं मात्र करू नका, की निदान पैसे तरी निघतील म्हणून ते दुसऱ्या कुणाला विकाल. खोटं आहे हे माहीत असताना विकलं की मग तक्रारदार तुम्ही राहत नाही, आरोपी होता. डबी पाकिटात घाला, वर तारीख लिहा, आणि तपास अधिकारी मागेपर्यंत कपाटात ठेवून द्या.